जुन्या मनगटी घड्याळांचं नाव आणि भाव: काळाबरोबर नेमकं काय बदलतं?

काटेकोर
१९६० च्या आसपास चांगलं स्विस घड्याळ म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी ओमेगाचं नाव पहिलं यायचं. रोलेक्स चांगलंच होतं, पण ओमेगाच्या वर मानायचं काही कारण नव्हतं. आज त्याच काळातलं, त्याच अवस्थेतलं, स्टीलचं ओमेगा आणि स्टीलचं रोलेक्स शेजारी ठेवलं तर भावात अनेक पटींचा फरक दिसतो. मशीन उघडून पाहिलं तर हा फरक पटत नाही. युनिव्हर्सल जिनेव्ह, हॉयर, झेनिथ, सिको यांच्याही बाबतीत कधी नाव वर, कधी खाली असं झालेलं दिसतं.

प्रश्न दोन. ही नावं वर-खाली का होतात? आणि विकत घेताना नावाला किती पैसे मोजायचे आणि समोरच्या वस्तूला किती, हे कसं ठरवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

निळा_स्क्रू
ओमेगा-रोलेक्सपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यात येतात.

ओमेगाचं तेव्हाचं नाव कष्टाने कमावलेलं होतं. १९३२ पासून ऑलिंपिकची वेळ मोजणं, १९३६ मध्ये क्यू वेधशाळेच्या परीक्षेत १०० पैकी ९७.८ गुण, १९३९ पासूनचं ३० मिलिमीटरचं हाताने चावी द्यायचं मशीन, १९५२ पासून कॉन्स्टेलेशन. ५०० मालिकेतली ऑटोमॅटिक मशीनं, म्हणजे ५५०, ५६१, ५६४ वगैरे, आजही कारागिराच्या टेबलावर आली की त्याला बरं वाटतं.

घात झाला १९७० च्या दशकात. ओमेगा आणि टिसो ज्या एसएसआयएच गटात होते त्या गटाने मॉडेलांचा पसारा अफाट वाढवला. त्यात २५ डिसेंबर १९६९ ला सिकोने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन आणलं आणि पुढच्या दहा वर्षांत सगळ्या स्विस उद्योगाचा पाया हलला. १९७० मध्ये सुमारे ९० हजार असलेले कामगार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीसेक हजारांवर आले. १९८१ मध्ये एसएसआयएचला बँकांनी सावरलं, १९८३ मध्ये ते दुसऱ्या मोठ्या गटात विलीन झालं आणि त्यातूनच आजचा स्वॉच समूह उभा राहिला.

रोलेक्स मात्र १९६० मध्ये संस्थापकाच्या मृत्यूनंतर त्यांच्याच प्रतिष्ठानाकडे राहिलं. मालक बदलले नाहीत, नाव कोणाला भाड्याने गेलं नाही. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १९५३ च्या सबमरिनरचा चेहरा आजच्या सबमरिनरमध्ये लगेच ओळखू येतो. दुकानातलं नवं घड्याळ सत्तर वर्षांपूर्वीच्या घड्याळाची रोज जाहिरात करत असतं. कॉन्स्टेलेशनचं तसं झालं नाही. उलट्या ताटलीसारख्या, म्हणजे पाय-पॅन तबकडीचं १९५० च्या दशकातलं कॉन्स्टेलेशन आणि १९८२ नंतरचं, केसच्या दोन्ही कडांना नखं असलेलं क्वार्ट्झ कॉन्स्टेलेशन एकाच घरातलं आहे हे सांगावं लागतं. ओमेगाच्या ज्या एका घड्याळाचा चेहरा टिकला, त्या १९५७ च्या स्पीडमास्टरचे जुने नमुनेच ओमेगात सर्वांत महाग जातात. हा योगायोग नाही.

तबकडी
निळा_स्क्रू यांच्याशी सहमत, पण सातत्याने सगळं उलगडत नाही. रोलेक्सच्याच घरात उलटं उदाहरण आहे. १९३० आणि ४० च्या दशकातले फुगीर पाठीचे बबलबॅक १९८० च्या दशकात संग्राहकांच्या जिवाचं पाखरू होते, विशेषतः इटली आणि जपानमध्ये. तेव्हा रोलेक्सच्याच डेटोना या क्रोनोग्राफकडे, म्हणजे थांबघड्याळही असलेल्या घड्याळाकडे, फारसं कोणी पाहत नव्हतं. पुढे मोठ्या घड्याळांची चाल आली, ३२ मिलिमीटरचं घड्याळ पुरुषाच्या मनगटावर लहान वाटू लागलं आणि बबलबॅकचा भाव बसला तो बसलाच. नाव तेच, कंपनी तीच, मशीनही तेच.

डेटोना १९६३ ची. हाताने चावी द्यायची, स्वयंचलित नाही, म्हणून दुकानात पडून राहायची. त्यातल्या त्यात सिंगर कंपनीने बनवलेली, उपतबकड्यांवर चौकोनी टोकांच्या खुणा असलेली तबकडी तर कोणाला नकोच असायची. त्याच तबकडीची ६२३९ क्रमांकाची डेटोना, जी पॉल न्यूमन स्वतः वापरायचे, ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिकला गेली. तेव्हा विकली न गेलेली वस्तू म्हणजे आज कमी संख्येने उरलेली वस्तू. जुन्या घड्याळांत हे पुन्हा पुन्हा घडतं.

स्टील-सोन्याचंही तसंच. पाटेक फिलिपचं १५१८ हे कॅलेंडर-क्रोनोग्राफ त्या काळी सोन्यात घेणं हाच मान होता. स्टीलमधली फक्त चार ठाऊक आहेत आणि त्यातलं एक २०१६ मध्ये जिनेव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं.

मशीनवाला
मशीनचा मुद्दा मागे पडतोय, तो पुढे आणतो. वॅलजू ७२ हे एकच क्रोनोग्राफ मशीन घ्या. कॉलम व्हील (थांबघड्याळ चालू-बंद करणारं खांबांचं चाक), आडवा क्लच (थांबघड्याळ मुख्य मशीनला जोडणारा भाग), तासाला १८,००० ठोके. हेच मशीन थोड्याफार फरकाने त्या डेटोनात आहे, हॉयर कॅरेरा २४४७ मध्ये आहे, एनिकारच्या शेर्पा ग्राफमध्ये आहे, गॅलेटमध्ये आहे. भाव मात्र जमीन-अस्मानाचे. म्हणजे मशीनला असा स्वतंत्र भाव नाही. एक अपवाद सोडून, आणि तो दुःखद आहे: नामवंत घड्याळाच्या सुट्या भागांसाठी कमी नावाच्या घड्याळांतलं ७२ काढून घेतलं जातं. त्यामुळे अशी साधी घड्याळं दर वर्षी आणखी कमी होत आहेत.

दुसरं उदाहरण स्पीडमास्टरचंच. १९६८ पर्यंत त्यात ३२१ क्रमांकाचं मशीन होतं, पुढे ८६१ आलं. ३२१ मध्ये कॉलम व्हील, १८,००० ठोके. ८६१ मध्ये त्याच कामासाठी साधा कॅम, २१,६०० ठोके. देखभालीच्या दृष्टीने ८६१ सोपं, भाग मिळतात, वेळही चांगली टिकते. तरी संग्राहक ३२१ ला कितीतरी जास्त मोजतात, कारण चंद्रावर गेलेल्या घड्याळांत ते होतं. २०१९ मध्ये ओमेगाने ३२१ पुन्हा बनवायला घेतल्याचं जाहीर केलं, त्यानंतर जुन्या ३२१ चं नाव आणखी वर गेलं. तुम्हाला रोज वापरायला जुनं स्पीडमास्टर हवं असेल तर ८६१ घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

काटेकोर
हे पटलं. पण जी नावं मधेच मेली आणि परत आली, त्यांचं काय? तिथे तर सातत्य हा प्रकारच नाही.

निळा_स्क्रू
तिथे एक गोष्ट आधी वेगळी करावी लागते. नाव आणि कारखाना या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि त्या वेगवेगळ्या विकल्या जातात.

अमेरिकेतलं वॉल्थॅम आणि एल्जिन घ्या. दोन्ही खऱ्या अर्थाने मोठे कारखाने. वॉल्थॅमचं अमेरिकेतलं घड्याळ बनवणं १९५७ मध्ये संपलं, एल्जिनचं १९६० च्या दशकाच्या अखेरीस. त्यानंतर ती नावं कोणाच्याही मालावर लागत राहिली. परिणाम असा की १९२० चं उत्तम एल्जिन आणि नंतरचं कुठलंतरी स्वस्त एल्जिन यांना लोक एकाच मापाने मोजू लागले आणि चांगल्या मालाचाही भाव मेला. हॅमिल्टनचं लँकेस्टरमधलं उत्पादनही १९६९ मध्ये थांबलं, पण ते नाव स्वॉच समूहात जाऊन सांभाळलं गेलं, म्हणून जुन्या हॅमिल्टनला आजही विचारतात.

युनिव्हर्सल जिनेव्हचा प्रवास सगळ्यांत शिकण्यासारखा आहे. १९४४ चा ट्राय-कॉम्पॅक्स, १९५४ चा पोलराउटर, जो जेराल्ड जेंटा यांनी तेविसाव्या वर्षी उत्तर ध्रुवावरून जाणाऱ्या विमानसेवेसाठी रेखाटला, आणि लगेच पुढचं मायक्रोरोटर मशीन, म्हणजे ज्यात रोटर, आपोआप चावी देणारं फिरतं वजन, मशीनच्या जाडीतच बसवलेला आहे. पुढे बुलोव्हाकडे मालकी गेली, मग १९८९ मध्ये हाँगकाँगच्या समूहाकडे, आणि नाव जवळजवळ झोपून राहिलं. या झोपेच्या काळात पोलराउटर अगदी सामान्य भावात मिळत असे. आधी अभ्यासूंनी रेफरन्स (मॉडेल क्रमांक) आणि मशीनांच्या याद्या लावल्या, मग भाव हलले. डिसेंबर २०२३ मध्ये ब्राइटलिंगने हे नाव घेतल्याचं जाहीर झालं, तोवर क्रोनोग्राफांचा भाव आधीच चढून बसला होता. माझं निरीक्षण असं की पुनरुज्जीवनाच्या बातमीनंतर धावत जाणारा उशिरा पोचतो.

हॉयरही तसंच. १९८५ मध्ये टॅगने घेतल्यावर नाव टॅग हॉयर झालं. म्हणून तबकडीवर नुसतं हॉयर लिहिलेलं घड्याळ त्याआधीचं असतं, नंतर काढलेल्या स्मरण-आवृत्त्या सोडल्या तर. २०१० च्या डिसेंबरात लंडनमध्ये हॉयरचा एक मोठा संग्रह लिलावात निघाला आणि तिथून ऑटाव्हिया-कॅरेराला जोर आला. २०१७ नंतर तो जोर बराच ओसरला. एकाच गटाने चढवलेला भाव त्या गटाची भूक भागली की उतरतो.

झेनिथची गोष्ट थोडक्यात: १९६९ चं एल प्रिमेरो हे क्रोनोग्राफ मशीन, तासाला ३६,००० ठोके. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन मालकांनी यांत्रिक मशीनं बंद करायला सांगितली, तेव्हा चार्ल्स व्हर्मो या कारागिराने साचे आणि हत्यारं माळ्यावर लपवून ठेवली. १९८४ मध्ये उत्पादन परत सुरू होऊ शकलं ते त्यामुळे. १९८८ पासून रोलेक्सने हेच मशीन २८,८०० ठोक्यांवर आणून डेटोनात घातलं, आणि झेनिथचं नाव मोठं करण्यात रोलेक्सच्या या एका निवडीचा वाटा फार मोठा आहे.

उगवता_काटा
सगळे स्वित्झर्लंडमध्येच फिरताय म्हणून जपानचं लिहितो.

ग्रँड सिको १९६० चं, किंग सिको त्याच्या पाठोपाठचं. जपानबाहेर त्यांना कित्येक वर्षं कोणी ओळखत नव्हतं. १९६७ च्या ४४जीएस ची केस बघा: सपाट आरशासारखे पृष्ठभाग आणि त्यांच्यामधल्या धारदार कडा. हेच त्या घड्याळाचं सौंदर्य आणि हीच पंचाईत, कारण एकदा चुकीची पॉलिश झाली की कडा गोल होतात आणि परत येत नाहीत. २०१७ मध्ये ग्रँड सिको वेगळा ब्रँड केला गेला आणि जुन्या नमुन्यांचं नाव झपाट्याने पसरलं.

सामान्य सिकोत सगळ्यात जास्त फसवणूक ६१३९ या क्रोनोग्राफमध्ये. १९६९ च्या पहिल्या स्वयंचलित क्रोनोग्राफांपैकी हा एक. पिवळ्या तबकडीचा ६१३९ अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३ च्या स्कायलॅब मोहिमेत वापरला, त्यावरून त्याला पोग हे नाव पडलं. भाव वाढला तशा नव्या बनवलेल्या तबकड्या, काटे, आतल्या रंगीत कड्या बाजारात भरपूर आल्या. तपासायचं असं:

पाठीवर रेफरन्स असतो, उदाहरणार्थ ६१३९-६००२, आणि सहा किंवा सात आकडी अनुक्रमांक. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. दशक मात्र मॉडेल कधी बनत होतं त्यावरून काढायचं. तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत तबकडीचा स्वतःचा कोड असतो, तो पाठीवरच्या रेफरन्सशी ताडून पाहा. बारीक अक्षरं जाड, फुगलेली किंवा वेडीवाकडी असतील तर तबकडी नवी. सुरुवातीच्या घड्याळांवर वॉटर प्रूफ लिहिलेलं असतं, ७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते वॉटर रेझिस्ट झालं. पाठीवर एक आणि तबकडीवर दुसरं असेल आणि वर्ष दोन्हींच्या संधिकाळातलं नसेल, तर दोन घड्याळं जोडलेली आहेत.

आणि एक गोष्ट, जी कारागीरही विसरतात: ६१३९ मध्ये उभा क्लच आहे आणि तो खोलण्यासाठी बनवलेला नाही. बाकीच्या भागांबरोबर तो धुण्याच्या द्रावणात टाकला तर आतलं वंगण निघून जातं आणि सेकंद काटा घसरू लागतो. दुरुस्तीला देताना हे आधी विचारा.

मशीनवाला
आता काटेकोर यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे वस्तूला किती मोजायचं. मशीनच्या बाजूने लिहितो, तबकडीचं तबकडी यांनी सांगावं.

पूर्ण चावी देऊन, तबकडी वर करून टायमिंग यंत्रावर ठेवा. आधी लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक ठोक्यात बॅलन्स (डोलणारं चाक) जितक्या अंशांत मशीनशी जोडलेलं असतं तो कोन, नीट भरा. बहुतेक यंत्रं ५२ अंश धरून चालतात. ओमेगाच्या ५५० मालिकेचा ४९ आहे. तिथे ५२ च ठेवलं तर खरं अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सच्या झोक्याचा कोन, २५० असताना यंत्र २६५ दाखवेल, आणि विकणारा तेच छायाचित्र तुम्हाला पाठवेल. जुन्या मशीनला आडव्या स्थितीत २५० च्या पुढे मिळालं तर समाधान माना, २७० ते ३०० म्हणजे उत्तम. २०० च्या खाली गेलं की सर्व्हिसिंगचा पूर्ण खर्च भावातून वजा करूनच बोला. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉकच्या अंतरातला फरक, ०.८ मिलिसेकंदाच्या आत असावा.

एकच आकडा पाहून थांबू नका. चावी खाली, चावी वर, चावी डावीकडे अशा उभ्या स्थितीतही बघा. आडव्यापेक्षा उभ्यात ३०-४० अंश उतरणं साहजिक आहे, ७०-८० उतरलं तर बॅलन्सच्या दांडीची टोकं झिजलेली आहेत. दिवसाला काही मिनिटं पुढे जात असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व आलेलं असतं किंवा तेलामुळे दोन वेटोळी चिकटलेली असतात. पहिलं मिनिटभरात जातं, दुसऱ्याला सफाई लागते. अँप्लिट्यूड ३३० च्या वर जाऊन घोड्याच्या टापांसारखा दुहेरी आवाज येत असेल तर कोणीतरी गरजेपेक्षा जोरदार मेनस्प्रिंग घातली आहे.

क्रोनोग्राफ असेल तर चालू करून अँप्लिट्यूड किती पडतं ते पाहा. आडव्या क्लचमध्ये २०-३० अंश पडणं ठीक. रीसेट केल्यावर काटा बरोबर १२ वर यायला हवा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर काटा दांड्यावर सैल आहे किंवा हॅमर (काटा शून्यावर आणणारा भाग) झिजला आहे. नेहमी एकाच बाजूला एक खूण चुकत असेल तर काटा फक्त चुकीचा बसवलाय, ते सोपं आहे. तीस मिनिटांचा काटा साठाव्या सेकंदाच्या आसपास एकदाच, निश्चयाने पुढे सरकायला हवा. अर्ध्यावर अडकला तर समायोजन बिघडलेलं आहे.

ओमेगा ५६० वर्गातली मशीनं उघडल्यावर पाठीच्या आतल्या बाजूला गोल ओरखडा दिसतो का बघा. दिसला तर रोटरचा आस झिजून रोटर खाली लोंबतोय.

आणि ज्यांचे भाग मिळत नाहीत ती घड्याळं नावामुळे स्वस्त वाटली तरी महाग पडतात. बुलोव्हा ॲक्युट्रॉन २१४ घ्या: १९६० ची ३६० हर्ट्झची ट्यूनिंग फोर्क, अत्यंत सुंदर कल्पना. त्यातलं इंडेक्स व्हील सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि त्यावर ३०० दाते आहेत. चिमटा चुकून लागला तर संपलं. शिवाय ते १.३५ व्होल्टच्या पारायुक्त बॅटरीसाठी बनवलेलं आहे. ती बॅटरी आता बनत नाही, आणि १.५५ व्होल्टची घातली तर फेजिंग, म्हणजे ते चाक पुढे ढकलणाऱ्या सूक्ष्म बोटांची जुळणी, पुन्हा जुळवावं लागतं, नाहीतर घड्याळ दुप्पट वेगानेही पळू शकतं. हॅमिल्टनचं १९५७ चं विजेवरचं ५०० मशीन तर संपर्क-तारांच्या दोषासाठीच ओळखलं जातं. ते मशीन असलेल्या व्हेंच्युराचा आकार कितीही आवडला तरी हे जाणणारा कारागीर आधी शोधा, घड्याळ नंतर.

तबकडी
तबकडीचं लिहिते. भावाचा निम्म्याहून अधिक भाग इथेच असतो, आणि चुकाही इथेच होतात.

पूर्वी तबकडी पुन्हा रंगवणं ही सेवा समजली जायची. डाग पडला, सर्व्हिसिंगला दिलं, नवी करून परत. आज रंगवलेल्या तबकडीने भाव अर्ध्यावर किंवा त्याखाली येतो. म्हणजे काम तेच, पण त्याकडे बघण्याची नजर उलटी झाली. ट्रॉपिकल तबकड्यांचंही हेच. काळा रंग उन्हाने आणि ओलाव्याने तपकिरी झालेली तबकडी पूर्वी खराब माल होती, आज तिच्यासाठी जादा मोजतात, आणि म्हणून तबकड्या भट्टीत तापवून तपकिरी करणारेही निघाले. खरा बदल सहसा सगळीकडे सारखा नसतो. कडेला, काट्यांच्या सावलीत, चमकत्या रंगाच्या ठिपक्यांभोवती छटा बदलते. सगळी तबकडी एकसारखी चॉकलेटी असेल तर सावध.

रीडायल, म्हणजे पुन्हा रंगवलेली तबकडी, ओळखायला दहापट भिंग पुरे. मिनिटांच्या रेषा बसवलेल्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का? कंपनीच्या नावातल्या अक्षरांची पातळ टोकं तीक्ष्ण आहेत की शाई पसरलीय? उपतबकडीच्या कडेवर छपाई घसरलीय का? सहाच्या आकड्याखाली स्विस किंवा स्विस मेड आहे की गायब? तबकडीच्या कडेला छोटी खाच कापलेली असेल तर रंगवणाऱ्याने दिशा लक्षात राहावी म्हणून केलेली असू शकते. त्याच कंपनीच्या त्याच रेफरन्सच्या पाच-सहा निर्विवाद तबकड्यांची छायाचित्रं शेजारी ठेवल्याशिवाय निकाल देऊ नका, कारण काही कंपन्यांची मूळ छपाईही ढिसाळ होती.

अंधारात चमकणारा रंग हा तारखेचा चांगला साक्षीदार आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम, मग १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत ट्रिटियम, त्यानंतर सुपर-ल्युमिनोव्हा. तबकडीच्या तळाशी स्विसच्या दोन्ही बाजूंना टी असेल तर ट्रिटियम. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे १९६८ च्या घड्याळात आता ५ टक्क्यांहून कमी उरलेलं आहे. त्यावर अतिनील दिवा धरून विझवला तर चमक काही क्षणांत जाते. मिनिटभर हिरवं तेज टिकलं तर रंग नवा भरलेला आहे. काटे आणि तबकडी दोन्ही सारखेच वागले पाहिजेत. तबकडी विझते आणि काटे चमकत राहतात, म्हणजे काटे बदललेले.

रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं. तो चमकत नाही कारण त्यातलं झिंक सल्फाइड जळून गेलंय. किरणोत्सर्ग तसाच आहे. काच काढून तो रंग खरवडू नका, भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. काटे जुळवायचे असतील तर हे काम जाणणाऱ्याकडेच द्या.

यानंतर सगळ्या खुणा एकमेकींशी जुळवायच्या. ओमेगाचं उदाहरण: मशीनवरचा अनुक्रमांक १९४४ च्या सुमारास एक कोटीवर आणि १९६७ च्या सुमारास अडीच कोटीच्या आसपास पोचतो. केसच्या पाठीच्या आत रेफरन्स असतो, तो १९६२ च्या सुमाराला २९१५-१ अशा पद्धतीवरून १०५.०१२ अशा पद्धतीवर गेला. अडीच कोटींचं मशीन जुन्या चार आकडी रेफरन्सच्या केसमध्ये बसलं असेल तर ती जोडाजोड आहे. प्लास्टिकच्या मूळ काचेच्या मध्यावर आतून अतिसूक्ष्म ओमेगाचं चिन्ह असतं. नसेल तर काच बदललीय, पण तो दोष मोठा नाही.

केससाठी लगकडे, म्हणजे पट्टा अडकवायच्या चार शिंगांकडे, पाहा. वरचा पृष्ठभाग आणि बाजू यांच्यातली तिरकी पट्टी चारही लगवर सारख्या रुंदीची हवी. पट्ट्याच्या दांडीचं भोक एका लगवर कडेच्या फार जवळ आलं असेल तर तिथून धातू घासला गेलाय.

काटेकोर
तबकडी, एवढं सगळं जुळूनही माणूस फसू शकतो का?

तबकडी
हो. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनेव्हात १९५७ चं स्पीडमास्टर २९१५-१ ट्रॉपिकल तबकडीसह ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते ओमेगाने स्वतःच्या संग्रहालयासाठी घेतलं होतं. २०२३ मध्ये उघड झालं की ते बहुतांश निरनिराळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेलं होतं, आणि त्यात आपलेच तीन माजी कर्मचारी गुंतले असल्याचं ओमेगाने सांगितलं. म्हणून सुटा प्रत्येक भाग खरा असणं आणि ते भाग एकत्रच जन्मलेले असणं यात फरक करा. किमती घड्याळाला जुनी छायाचित्रं, विक्रीची पावती, कंपनीच्या नोंदवहीचा उतारा असे तिसरीकडचे पुरावे हवेतच. लाँजिन आणि पाटेकच्या जुन्या नोंदी चांगल्या आहेत, उतारा मिळतो. पण तो उतारा असं मशीन या तारखेला या केसमध्ये गेलं एवढंच सांगतो. तबकडी आज तीच आहे का, हे सांगत नाही.

हातोडा
भावाची आकडेमोड राहिली, ती लिहितो.

मागितलेला भाव विसरा, झालेल्या विक्रीचा धरा. एकाच रेफरन्सच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या दहा-पंधरा झालेल्या विक्री काढा. लिलावात छापलेला आकडा हातोड्याचा, म्हणजे नुसत्या बोलीचा, आहे की खरेदीदाराच्या शुल्कासह, ते बघा. शुल्क २५ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे हे चुकलं तर सगळं गणित चुकतं. विकणाऱ्याच्या हाती त्यापेक्षा बरंच कमी येतं. सगळ्यात वरची एक-दोन आणि सगळ्यात खालची एक-दोन नोंद बाजूला ठेवा: वरच्यात बहुधा कोणा प्रसिद्ध माणसाचा संबंध असतो, खालच्यात रंगवलेली तबकडी. उरलेल्यांचा मध्य घ्या. त्यातून सर्व्हिसिंग, न मिळणारे भाग आणि बदललेले काटे वजा करा.

२०२० ते २०२२ चे आकडे वेगळे ठेवा. त्या काळात सगळंच फुगलं होतं, २०२२ च्या वसंतात शिखर गाठून उतरलं. त्या शिखरावरच्या एका विक्रीकडे बोट दाखवून आजचा भाव सांगणारे अजून भेटतात.

निळा_स्क्रू यांच्या सातत्याच्या मुद्द्यात एक भर: संख्या. ओमेगाने ३० मिलिमीटरची मशीनं सुमारे तीस लाख बनवली. एवढ्या मालाचा सरासरी भाव कधीच उडणार नाही, मशीन कितीही चांगलं असो. पण त्याच तीस लाखांत न रंगवलेली तबकडी, न घासलेली केस आणि मूळ काटे असलेली किती उरली असतील? म्हणून सामान्य आणि उत्तम नमुन्यातली दरी दर वर्षी रुंदावतेय. मी तर म्हणेन की मोठ्या नावाचा मधला नमुना घेण्यापेक्षा मधल्या नावाचा अस्सल, न छेडलेला नमुना घ्या.

निळा_स्क्रू
शेवटच्या वाक्याला पूर्ण पाठिंबा. लाँजिन ३०एल, आयडब्ल्यूसी ८९, पोलराउटर, किंग सिको यांत अजून असे नमुने सापडतात.

उगवता_काटा
सोन्याच्या साध्या तीन काट्यांच्या घड्याळांबद्दल कोणी बोललं नाही. ३३-३४ मिलिमीटरची, १८ कॅरटची, मोठ्या नावांचीसुद्धा. कित्येकदा केसमधल्या सोन्याच्या भावाच्या थोडंसंच वर जातात.

मशीनवाला
त्यांची फार काळजी वाटते. सोन्याचा भाव चढला की अशा केसी वितळवल्या जातात आणि उरलेली मशीनं सुटी विकली जातात. १९८० च्या सुरुवातीला सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं तेव्हाही हे झालं, आताही होतंय. कधी असं केस नसलेलं मशीन तबकडीसकट दिसलं तर ते बहुधा अशाच सोन्याच्या केसमधून निघालेलं असतं. त्यासाठी स्टीलची परकी केस शोधून जोडायचा मोह टाळा, ते भागांसाठी राखून ठेवा. एखादं पूर्ण घड्याळ त्यातून चालू होईल.

आणि असं सोन्याचं घड्याळ विकत घ्यायचं असेल तर वजनावर जाताना मशीन आणि काच बाहेर काढून फक्त केस तोला. पाठीच्या आत १८ कॅरट किंवा ०.७५० चा ठसा उठून दिसतोय का पाहा, पुसट असेल तर पॉलिश खोल गेलीय. प्लाक किंवा २० मायक्रॉन असं लिहिलं असेल तर तो फक्त मुलामा. लगच्या टोकांना आणि मागच्या कडेला, जिथे कातडं आणि मनगट घासतं, तिथे खालचं पितळ आधी दिसतं.